जुन्या स्नोमोबाईलचं मागचं सस्पेन्शन बदलताना

आजचा विषय पुण्या-नागपूरच्या श्रोत्यांना जरा लांबचा वाटेल. गुलमर्गला गेला असाल तर दहा-पंधरा मिनिटं स्नोमोबाईलवर बसला असाल, तेवढीच ओळख. पण मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओमधून ऐकणाऱ्या बऱ्याच जणांच्या गॅरेजमध्ये सेकंडहँड घेतलेली एखादी नव्वदच्या दशकातली मशीन उभी असते. तिचं मागचं सस्पेन्शन बदलायचं तर काय बघायचं, ते आज बोलू.

आधी रचना समजून घेऊ. पुढे दोन स्की, मागे एक रुंद रबरी ट्रॅक. इंजिनची ताकद पुढच्या ड्राइव्ह शाफ्टवरून ट्रॅकला मिळते. आणि सस्पेन्शन कुठे असतं? ट्रॅकच्या वेटोळ्याच्या आत. दोन लांब रेल, त्यांच्याखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मधे छोटी चाकं, दोन आर्म, शॉक आणि टॉर्शन स्प्रिंग. या सगळ्या सांगाड्याला स्किड म्हणतात. तो वरच्या ॲल्युमिनियमच्या बोगद्याला, म्हणजे टनेलला, साधारणपणे फक्त चार बोल्टांनी धरलेला असतो. दोन पुढच्या आर्मचे, दोन मागचे. चारच बोल्ट म्हटल्यावर काम सोपं वाटतं. काढणं सोपं आहेच, बसवणं नाही.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र डुलुथजवळ राहतो. त्याला आठ वर्षांच्या मुलीला मागे बसवून न्यायचं होतं. जुन्या स्किडचे शॉक मेलेले, पुढच्या आर्मच्या वेल्डजवळ बारीक तडा. आता विचार करा: सस्पेन्शन तळाला आपटलं की तो धक्का थेट पाठीच्या कण्यात जातो, आणि मागे बसलेल्याला जास्त. शिवाय उणे २० तापमानात, गोठलेल्या तळ्यापलीकडे आर्म तुटला तर मशीन जागेवरच. नुसते शॉक आणि बुश गेले असतील तर दुरुस्ती करा, स्वस्त पडते. आर्मला किंवा रेलला तडा असेल तर मात्र अख्खा स्किड बदला.

जुना स्किड विकत घेताना पहिला प्रश्न ट्रॅकच्या लांबीचा. त्या काळच्या बऱ्याच मशीनना १२१ इंची ट्रॅक आहे, पिच २.५२ इंच. म्हणजे ट्रॅकच्या वेढ्यात ४८ पिच. १३६ इंचीत ५४. लेबल पुसलं असेल तर पिच मोजा आणि गुणाकार करा. १३६ चा स्किड १२१ च्या ट्रॅकमध्ये बसणार नाही. दुसरी गोष्ट टनेलची रुंदी.

आता काढणं. बॅटरी बाहेर, पेट्रोल कमी. ट्रॅकचा ताण मागच्या ॲडजस्टरने सोडा. मग टॉर्शन स्प्रिंगचे लांब पाय योग्य हत्याराने सोडवा. इथे बोटं जाऊ शकतात, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. बोल्ट सोडवताना दोन्ही बाजूंनी दोघांनी एकदमच थोडे ढिले करा. एक बाजू आधी पूर्ण काढली तर दुसरीकडे अख्खा शाफ्ट पान्याबरोबर फिरत बसतो. गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. मग मशीन पुठ्ठ्यावर आडवी करा आणि स्किड ओढून घ्या.

खरं काम पुढे आहे. दुसऱ्या मॉडेलचा स्किड असेल तर जुनी भोकं जुळतीलच असं नाही. पुढच्या आर्मचं भोक ड्राइव्ह शाफ्टपासून किती लांब आणि किती खाली, यावर ट्रॅक कुठल्या कोनात वर चढतो ते ठरतं. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी शॉक आणि स्प्रिंग काढून स्किड ट्रॅकमध्ये ठेवा, आणि पूर्ण वर-खाली करून बघा. ट्रॅक मधेच जास्त ताणला जातो का? पूर्ण दाबल्यावर ड्राइव्ह शाफ्टला किंवा टनेलच्या छताला घासतो का? आमच्या भाषेत, प्रॉडक्शनवर टाकण्याआधीचं टेस्टिंग. दोन्ही बाजूंची मापं ड्राइव्ह शाफ्टच्या मध्यापासूनच घ्या. एका बाजूला फरक पडला तर स्किड तिरका बसतो आणि ट्रॅकच्या कडा खाल्ल्या जातात. लिक्विड कूल्ड मशीन असेल तर कूलर कुठून जातो ते आधी बघा. भोकाभोवती आतून जाड पट्टी रिव्हेट करा, नुसत्या पातळ पत्र्यावर भार ठेवू नका.

बसवल्यावर मागची बाजू स्टँडवर उचलून ट्रॅक हळू फिरवा. त्या वेळी मागे कोणीही उभं राहायचं नाही. ट्रॅक डावीकडे सरकत असेल तर डावा ॲडजस्टर थोडा कसा. ताण मॅन्युअलप्रमाणे मोजा, अंदाजाने नको.

शेवटचं, लिमिटर स्ट्रॅप. हा पुढच्या आर्मचा पट्टा आखूड केला की स्कीवर वजन येतं आणि वळण नीट घेता येतं. मागे माणूस बसला की स्की हलक्या होतात, म्हणून हे महत्त्वाचं. त्याबरोबर मागच्या स्प्रिंगचा ताणही वाढवायचा.

मित्राने मुलीऐवजी आधी काय बसवलं माहितीये? बासमतीच्या २० पौंडी तीन पिशव्या, घट्ट बांधून. दहा मैल फिरून आला, चारही बोल्ट पुन्हा कसले, वेल्ड टॉर्चने तपासले. दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून मुलगी बसली.

तुमच्या गॅरेजमध्ये अशी मशीन असेल तर हे काम ऑक्टोबरमध्ये काढा, पहिला बर्फ पडल्यावर नाही. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!