प्रवेशानंतरची पंगत

 प्राचार्य, प्राध्यापक, वसतिगृहांचे रेक्टर आणि विद्यार्थी यांच्या साताऱ्यातल्या या परिषदेत चहासोबत कंदी पेढे आहेतच; विषय मात्र तितका गोड नाही.

उच्च शिक्षणातल्या विविधतेची चर्चा हटकून प्रवेशाच्या आकड्यांपाशी अडते. खरी कसोटी लागते ती प्रवेशानंतर, मेसमध्ये आणि खोलीवाटपात.

राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगे उभी राहिली. जातवार वसतिगृहे आज खटकतात. पण एका पंगतीला बसायची तयारी नसलेल्या समाजातली पोरे शिकवायची तर दुसरा मार्ग कोणता होता? त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर ‘आधी अंघोळ, मग जेवण’ असे फर्मान निघाले. भाऊरावांनी ते मानले नाही आणि बोर्डिंग सुटले. पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकाच चुलीवरचे जेवली. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले.

पुण्यातली गोष्ट वेगळी, पण सुरुवात जेवणाच्या ताटापासूनच. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांना काविळीने आजारी पडलेला मॉरिशसचा विद्यार्थी आणि त्याला खिडकीतून डबा देणारी मुलगी दिसली. त्यातून 1971 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सिम्बायोसिस सुरू झाली. विद्यापीठ फार नंतरचे.

आणि 2007 मध्ये दिल्लीच्या एम्सची पाहणी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने काय नोंदवले? छळाला कंटाळून अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर एकवटले होते. देशातली नामांकित संस्था, साताऱ्याच्या त्र्याऐंशी वर्षे मागे!

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये समान संधी कक्ष उभारायला आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. पाटी लावणे सोपे. मेळघाटातून आलेली मुलगी त्या दारापर्यंत कशी पोचेल, हे त्या नियमांत सापडत नाही.

म्हणून पहिले सत्र कुलगुरूंचे ठेवलेले नाही. ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे आणि मेसचालकांचे आहे. नाश्त्यापासून सणाच्या दिवशी येणाऱ्या परीक्षेपर्यंत सारे त्यांनी बिनधास्त मांडावे. उत्तरे द्यायला प्राचार्यांना पहिल्या रांगेत बसवले आहे.