दोन याद्यांचा मेळ

कोल्हापूर जिल्ह्यांतील खेडेगांवांत पहांटे दूध-संस्थेच्या दारापुढें किटल्यांची रांग लागते. सायंकाळीं तीच रांग पुन्हां उभी राहते. १९६३ सालीं स्थापन झालेला जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ ‘गोकुळ’ या नांवानें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्याचा पाया या गांवोगांवच्या संस्था होत. दूध मापावें, स्निग्धांश पाहावा आणि दोन्ही आंकडे सभासदाच्या क्रमांकापुढें मांडावेत, हा तेथील नित्यक्रम. पूर्वीं तो वहींत चाले. आतां पुष्कळ ठिकाणीं संगणकावर चालतो.

समजावें कीं, एका संस्थेनें सकाळची व सायंकाळची यादी एकत्र करण्याचें काम यंत्रावर सोंपविलें. अशा याद्या एका संगणकाकडून दुसऱ्याकडे धाडण्यास ‘जेसॉन’ नांवाची लेखनपद्धति सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेंतील डग्लस क्रॉकफर्ड यांनीं ती या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आणली. तींत चौकटी कंसांत एकामागून एक नोंदी ओंवतात. त्या माळेस ‘अ‍ॅरे’ म्हणतात. दोन माळा जोडणें हें काम दिसतें सोपें. खरी अडचण ‘जोडणें’ या शब्दांतच आहे, कारण त्याचे अर्थ अनेक.

‘पॉवर ऑटोमेट’ या साधनांत ‘युनियन’ नांवाची क्रिया आहे. ती दोन्ही माळांतील नोंदी घेते, पण हुबेहूब सारख्या दोन नोंदी आढळल्यास एकच ठेवते. एखाद्या विधवेची एकच म्हैस आहे. सकाळीं चार लिटर, सायंकाळींहि चार लिटर, स्निग्धांशहि तोच. नोंदींत वेळ लिहिलेली नसेल, तर यंत्र दुसरी नोंद पुनरुक्ति समजून टाकून देतें. चूक झाल्याची सूचना नाहीं, कुरकुर नाहीं. बिलांत मात्र त्या दिवसाचे निम्मे पैसे गेलेले असतात. ‘वेळ’ हा एक रकाना वाढविला असता तर हें टळलें असतें!

‘एन-एट-एन’ या दुसऱ्या साधनांत क्रमानुसार जोडण्याची सोय आहे: पहिलीस पहिली, दुसरीस दुसरी. पण सायंकाळीं कोणाची म्हैस आटली, कोणी परगांवीं गेला, कीं त्याच्या खालच्या साऱ्या नोंदी एकेक पायरी वर सरकतात आणि एकाचें दूध शेजाऱ्याच्या नांवें पडतें.

तेव्हां सभासद-क्रमांकावरून जुळविणें हाच विश्वासाचा मार्ग. त्यांतहि एक खांच आहे. जेसॉनमध्यें संख्येच्या आरंभीं शून्य चालत नाहीं. म्हणून एकीकडे ‘०१२’ हा अवतरणांतील मजकूर आणि दुसरीकडे १२ ही संख्या असली, तर सभासद एकच असूनहि काटेकोर तुलनेंत त्या भिन्न ठरतात. शिवाय दोहोंत असलेल्याच नोंदी राखाव्या, असा पर्याय निवडला गेला, तर एकच वेळ दूध घालणारा यादींतूनच नाहींसा होतो.

पडताळ्यासाठीं एकूण लिटरांची बेरीज पाहावी, असें कोणीहि सुचवील. ‘युनियन’नें केलेली तूट ती उघड करील, क्रमाची सरमिसळ मात्र करणार नाहीं, कारण दूध तेवढेंच राहिलें, फक्त घर बदललें. त्यासाठीं सभासदांचीं पुस्तकें हातांत घेऊन यादीशीं ताडावीं लागतात, आणि आरंभ त्या सायंकाळीं ज्यानें दूध घातलें नाहीं त्याच्या खालच्या नांवापासून करावा लागतो.