लेक म्हणते, आयटी कन्सल्टंट व्हायचंय



हल्ली गटाच्या बैठकीत कर्ज मागायला एक नवं कारण ऐकू येतं. शेळी नाही, शिलाई मशीन नाही, तर ‘पोरीचा कोर्स’. पोरगी बीकॉम नाहीतर बीसीए झालेली असते. शहरातल्या क्लासवाल्याने सांगितलेलं असतं, सहा महिन्यांत आयटी कन्सल्टंट करतो, फी तेवढी आधी भरा. प्रश्न गटाच्या पैशाचा आहे आणि पोरीच्या उमेदीच्या वर्षांचाही. म्हणून आज आपण बघू, हे काम नेमकं काय, त्याला काय यावं लागतं आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं.

कन्सल्टंट म्हणजे सल्लागार. गावातल्या दूध संस्थेचं उदाहरण घेऊ. संस्थेला सगळा हिशेब संगणकावर आणायचाय. मशीन विकणारा येईल, दर सांगेल, बसवून जाईल. सल्लागार बाई मात्र आधी पहाटे संकलनाच्या वेळी येऊन उभी राहील. रांग किती लागते? फॅट कोण बघतं, कोण लिहितं? दहा दिवसांचं बिल काढताना चूक कुठे होते? वीज गेली तर नोंद कशावर करायची? दूध घालते बायको आणि खातं नवऱ्याच्या नावावर, मग पैसे कुणाला मिळतात? हे सगळं ती कागदावर मांडेल, सचिवांना वाचून दाखवेल, दुरुस्त्या करून घेईल. मग सांगेल, तुम्हाला अमुक सॉफ्टवेअर पुरेल, एवढा खर्च येईल. पुढे ते तपासून बघायला आणि कर्मचाऱ्यांना शिकवायलाही तीच थांबेल. बँक असो, साखर कारखाना असो की दवाखाना, कामाची रीत हीच.

हा धंदा आपल्या राज्याला नवा नाही. टीसीएस १९६८ साली मुंबईत सुरू झाली, इन्फोसिस १९८१ साली पुण्यात. आज हिंजवडीच्या बसमध्ये खेड्यातून आलेल्या कितीतरी मुली दिसतात. पण नव्या मुलीला पहिल्याच दिवशी कुणी सल्लागार म्हणून बसवत नाही. सुरुवात बहुधा टेस्टिंगला किंवा सपोर्टला होते. टेस्टिंग म्हणजे तयार सॉफ्टवेअर उलटसुलट वापरून त्यातल्या चुका काढणं. सपोर्ट म्हणजे अडलेल्या ग्राहकाची अडचण सोडवणं. तिथून बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे ग्राहकाची गरज समजून नीट लिहून देणारी. मग सल्लागार. हा काही वर्षांचा रस्ता आहे, सहा महिन्यांचा नाही.

आता काय यावं लागतं? पहिलं, हिशेब. कारखान्याची खरेदी, साठा, जमाखर्च एकत्र ठेवणारी एसएपीसारखी मोठी सॉफ्टवेअर असतात. ती बसवताना जमाखर्च कळणारी मुलगी लागतेच, त्यामुळे बीकॉमवालीने स्वतःला कमी समजू नये. दुसरं, एक्सेल चांगलं आणि एसक्यूएल कामापुरतं. एसक्यूएल म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा. तिसरं, साधं इंग्रजी. ‘मला हे समजलं नाही, पुन्हा सांगाल का’ एवढं न घाबरता बोलता आणि लिहिता आलं पाहिजे. चौथं, ऐकून घेणं आणि लिहून ठेवणं. आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक आणि नियमित नोंदी आहेत ना? जी मुलगी आईच्या गटाचं दप्तर लिहिते, इतिवृत्त लिहिते, तिच्या हाताला ही सवय आधीच लागलेली असते.

हे चौथं दिवसेंदिवस महाग होणार आहे. साधासोपा कोड आता एआय लिहून देतं. पण खातं कुणाच्या नावावर आणि दूध कोण घालतं, हे माणसांत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही.

शिकायला आधी फुकटचे मार्ग वापरा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर मराठीतूनही धडे आहेत. सरकारच्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम मोफत आहेत, फी फक्त परीक्षेची. तीन महिने मुलगी रोज तासभर बसली आणि तिला गोडी लागली, तर मग पुढच्या क्लासचं बघा.

क्लासला पैसे देताना चार गोष्टी विचारा. मागच्या तुकडीतल्या पाच मुलींशी आम्हाला बोलू द्याल का? नोकरीची हमी आहे म्हणता, तर ती कागदावर कोणत्या शब्दांत आहे? फी हप्त्याने चालेल का? मध्येच सोडलं तर परत किती मिळेल? आणि हे पक्कं लक्षात ठेवा, चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायला देऊ नका. बाँड असेल तर वाचल्याशिवाय सही नको.

घरच्यांना काळजी असते रात्रपाळीची. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात-साडेआठ झालेले असतात, म्हणून काही कामं उशिरापर्यंत चालतात. यायला-जायला गाडी आहे का, हे मुलाखतीतच विचारावं. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असायलाच हवी. तिच्या अध्यक्षपदी बाईच असते. हे मुलीला माहीत असू द्या.

शहरात जायचं नसेल तरी ही विद्या वाया जात नाही. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, पतसंस्था आहेत. जुन्या वह्या बघून त्या नीट संगणकावर आणणारं, सचिवाला शिकवणारं माणूस तालुक्यातही लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला, तर मुलीलाच बोलवा. तिला सांगा, आठ दिवस दूध संस्थेत नाहीतर सोसायटीत जा, काम कसं चालतं ते दोन पानांत लिहून आण आणि गटासमोर वाच. तिने प्रश्न कसे विचारले, कुणाचं ऐकलं, ते त्या दोन पानांत दिसेल. मग कर्ज किती आणि कशाला, हे ठरवायला तुम्हाला सोपं जाईल.