सल्ला देणारे कोण, ऐकणारे कोण?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय मी अब्बांना फोनवर सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘दुसरा विषय नव्हता का रे? नोकऱ्यांवर बोल, ते एआय की काय आलंय त्यावर बोल. राष्ट्रीय सुरक्षा वगैरे आपल्याला कशाला?’

अब्बा भित्रे नाहीत. पण ‘सुरक्षा’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर एकाच सुरात ऐकला आहे. कुठे स्फोट झाला की मोहल्ल्यात गाडी येते, चौकशी होते, घरातली माणसं मुलांना म्हणतात ‘आज बाहेर जाऊ नका’. आपण या विषयात नेहमी चौकशीच्या खुर्चीत असतो, सल्ल्याच्या खुर्चीत नसतो, असं त्यांच्या मनात बसलं आहे. म्हणूनच मी विषय बदलला नाही. ती सल्ल्याची खुर्ची नेमकी कुठे आहे आणि तिच्यावर कोण बसतं, हे आज समजून घेऊ.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सुरक्षातज्ज्ञ नाही. जे सांगणार आहे ते सगळं जाहीर माहितीतलं आहे.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाजपेयी सरकारने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन केली. त्याआधी १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने तसा प्रयत्न केला होता, पण तो रुजला नाही. नव्या परिषदेचा आराखडा के. सी. पंत, जसवंत सिंग आणि जसजित सिंग यांच्या कृती दलाने सुचवला होता.

या व्यवस्थेचे तीन मजले आहेत. सर्वांत वर परिषद. तिचे अध्यक्ष पंतप्रधान, सोबत गृह, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थ या खात्यांचे मंत्री. मधल्या मजल्यावर धोरणात्मक गट : वेगवेगळ्या खात्यांचे सचिव, तिन्ही सैन्यदलांचे प्रमुख, गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. तिसरा मजला म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ. यात सरकारबाहेरची माणसं असतात. रोजच्या फायलींत अडकलेल्यांना जे दिसत नाही, ते पाच-दहा वर्षं पुढे बघून सांगणं हे त्यांचं काम. या सगळ्यांचा कारभार सांभाळायला एक सचिवालय आहे आणि सगळ्यांना जोडणारा माणूस म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार.

इथे एक गंमत आहे. पंतप्रधान आणि हेच चार मंत्री मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीतही असतात. प्रत्यक्ष निर्णय ती समिती घेते. मग परिषद वेगळी कशासाठी? निर्णय घेण्याआधी विचार करण्यासाठी. घाई नसताना, संकट दारात नसताना, वेगवेगळी मतं ऐकण्यासाठी. म्हणजे परिषदेची किंमत तिच्या अधिकारांत नाही, तिथे काय ऐकू येतं त्यात आहे. आणि काय ऐकू येणार, हे तिथे कोणाला बोलावलं आहे यावर ठरतं.

पहिल्या सल्लागार मंडळाचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९९८ मध्ये ते नेमलं गेलं, निमंत्रक होते के. सुब्रह्मण्यम. पंचवीसहून अधिक सदस्य. निवृत्त अधिकारी होतेच, पण संशोधक आणि संपादकही होते. या मंडळाकडे देशाच्या अणुधोरणाचा मसुदा करण्याचं काम आलं. त्या कामात सुब्रह्मण्यम होते, ज्यांना कमीत कमी पण पुरेशी अण्वस्त्रं हवी होती, आणि भरत कर्नाडही होते, ज्यांना मोठा साठा हवा होता. टोकाची मतं एका टेबलावर बसली.

तो मसुदा सरकारने ऑगस्ट १९९९ मध्ये चक्क जाहीर केला. देशभर आणि देशाबाहेर त्यावर टीका झाली. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग यांनी स्पष्ट केलं की हा मसुदा म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. शेवटी जानेवारी २००३ मध्ये सरकारने धोरणाची मुख्य सूत्रं जाहीर केली. ‘आधी वापर नाही’ हे तत्त्व राहिलं, पण रासायनिक किंवा जैविक हल्ला झाल्यास अण्वस्त्रांचा पर्याय मोकळा ठेवण्याची नवी तरतूद आली. ती आपल्याला पटो न पटो. पद्धत बघा : बाहेरच्यांनी मसुदा लिहिला, लोकांनी वाचला, वाद झाला, मग निवडून आलेल्यांनी निर्णय घेतला.

आमच्या कामात याला रिव्ह्यू म्हणतात. मी लिहिलेला कोड मीच तपासला तर मला चूक दिसत नाही, कारण ज्या डोक्यातून चूक आली तेच डोकं ती शोधत असतं. माझ्याच टीममधल्या, माझ्यासारखाच विचार करणाऱ्या चौघांना दाखवला तरी फार फरक पडत नाही. तो ग्राहक कसा वापरतो, हे सपोर्टच्या फोनवर बसणाऱ्या मुलीला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता दुसरं उदाहरण. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर सुब्रह्मण्यम यांच्याच अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली. गुप्तचर यंत्रणांमध्ये माहितीची देवाणघेवाण आणि समन्वय नीट नव्हता, असं समितीने दाखवून दिलं. आणखी एक शिफारस केली : देशाला पूर्णवेळ सुरक्षा सल्लागार हवा. कारण पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र त्याच वेळी पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते. ही शिफारस डिसेंबर १९९९ च्या अहवालात आली. मिश्र २००४ पर्यंत दोन्ही पदांवर राहिले. सल्ला लेखी होता, तर्कशुद्ध होता, छापलेला होता. पण सल्ला म्हणजे आदेश नव्हे.

मग आजचं चित्र काय? २०१५-१६ मध्ये दीड वर्षाहून अधिक काळ सल्लागार मंडळावर कोणाची नेमणूकच नव्हती. पुढे ते पुन्हा नेमलं गेलं, पण लहान. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर काही दिवसांत, सात जणांचं नवं मंडळ आलं. अध्यक्ष ‘रॉ’चे माजी प्रमुख आलोक जोशी. तिघे सैन्यदलांतून निवृत्त, एक परराष्ट्र सेवेतले, बाकीचे पोलीस सेवेतून आलेले. या माणसांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, त्यांनी आयुष्य दिलं आहे. माझा प्रश्न रिव्ह्यूवाल्याचा आहे : सातही जण सरकारी यंत्रणेतच घडलेले असतील, तर यंत्रणेबाहेरून यंत्रणेकडे कोण बघणार?

२०१८ मध्ये धोरणात्मक गटाचं अध्यक्षपद कॅबिनेट सचिवांकडून सुरक्षा सल्लागारांकडे गेलं. २०१९ मध्ये त्यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. तिन्ही मजल्यांचा जिना आता एकाच माणसाच्या दारातून जातो. पण ही परिषद संसदेने कायदा करून निर्माण केलेली नाही. तिचं सचिवालय माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे भ्रष्टाचार आणि मानवाधिकार उल्लंघनाच्या आरोपांपलीकडे तिथून माहिती मिळत नाही. अमेरिकेची परिषद १९४७ च्या कायद्याने आली. ब्रिटनमध्ये सुरक्षा धोरणावर लक्ष ठेवायला संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती आहे. तिथेही चुका होतात, पण चूक झाल्यावर कोणाला विचारायचं हे ठरलेलं असतं.

यात आपला संबंध काय? दोन कब्रस्तानांची गोष्ट सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. सगळे टीव्हीसमोर. नंतर बातमी आली की मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना जमीन द्यायला मुंबईतल्या मुस्लीम कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नकार दिला. त्यांना कोणी सल्लागार नेमलं नव्हतं. पण दहशतवादाला समाजात जागा नाही, हे त्यांनी जितक्या स्पष्टपणे सांगितलं तितकं कोणत्याही सरकारी पत्रकाने सांगितलं नसतं.

दुसरं कब्रस्तान मालेगावचं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, शुक्रवार. तिथे स्फोट झाले, माणसं गेली, बहुतेक आपलीच. आणि अटकही आपल्याच मुलांना झाली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. मधली दहा वर्षं त्यांना कोणी परत देणार नाही. आमच्या भाषेत याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात : यंत्रणेने चुकीच्या माणसावर बोट ठेवलं. त्या घरांवर झालेला अन्याय तर आहेच. पण चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर मोकळा असतो. म्हणून मी याला सुरक्षेचंही अपयश म्हणतो. हे टेबलावर ठामपणे सांगणारं कोणी असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी ‘एक मुस्लीम घ्या’ अशी मागणी करत नाही. आपली माणसं या व्यवस्थेत आलेलीच आहेत. हमीद अन्सारी उपराष्ट्रपती होण्याआधी सल्लागार मंडळाचे सदस्य होते. गुप्तचर विभागाचे माजी प्रमुख आसिफ इब्राहिम यांनी निवृत्तीनंतर सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात दहशतवादविरोधी विशेष दूत म्हणून काम केलं. ते आपल्या अभ्यासावर तिथे पोहोचले. मागणी ज्ञानाच्या विविधतेची आहे : पाण्याचा अभ्यासक, साथरोगांचा डॉक्टर, सायबर क्षेत्रातला इंजिनिअर, खटले लढलेला वकील, वस्तीत काम केलेली कार्यकर्ती. आजवर पाच सुरक्षा सल्लागार झाले. तिघे परराष्ट्र सेवेतले, दोघे पोलीस सेवेतले. सैनिक नाही, शास्त्रज्ञ नाही, महिला नाही.

आणि सुरक्षा आता फक्त सीमेवर राहिलेली नाही. २०२२ पासून सायबर हल्ला झाला की कंपनीने सहा तासांत सरकारला कळवायचं असतं. त्या सहा तासांत रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांत मीही असतो. २०२४ मध्ये देशाच्या सायबर सुरक्षेचा समन्वय याच परिषदेच्या सचिवालयाकडे आला. म्हणजे तुमच्यातली जी मुलं कॉम्प्युटर शिकत आहेत, ती या विषयात आधीच आलेली आहेत.

तर तीन कामं सांगतो. कारगिल समितीचा अहवाल पुस्तकरूपात उपलब्ध आहे, तो वाचा. आपल्या खासदाराला एक पत्र लिहा आणि विचारा : सल्लागार मंडळात यंत्रणेबाहेरचे लोक का नाहीत, त्यावर सभागृहात प्रश्न विचाराल का? आणि ज्यांना हा विषय आवडेल त्यांनी तो रीतसर शिकावा. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे. खडकवासल्याच्या एनडीएचं दार २०२२ पासून मुलींनाही उघडलं आहे.

निघताना अब्बांचा पुन्हा फोन आला. म्हणाले, ‘बोलतोयस ना, मग नीट बोल. ऐकीव काही बोलू नकोस. कागद बघून बोल.’ कागद बघूनच बोललो आहे. तुम्हीही कागद बघूनच मला प्रश्न विचारा. वेळ आहे आपल्याकडे.