रेडियमची पट्टी

मोटार अपघात दावे चालवणाऱ्या माझ्या वकील बंधुभगिनींनो,

ही परिषद कोल्हापुरात भरते आहे याचं मला विशेष अप्रूप आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथल्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांतल्या अपिलांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. कुबड्या घेऊन रात्रीच्या एसटीनं मुंबई गाठणारे पक्षकार आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांच्या वतीनं हा आनंद आधी व्यक्त करतो आणि विषयाकडे वळतो.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक दावा माझ्या मनातून जात नाही. गळिताचा हंगाम, रात्रीचे साडेदहा. उसानं भरलेला ट्रक पंक्चर होऊन रस्त्यावर उभा. मागच्या दिव्यांवर उसाचे वाढे लोंबत होते, फाळक्यावर रेडियमची पट्टी नव्हती, खुणेला चाकामागे दोन दगड ठेवले होते. मोटारसायकलवरून घरी निघालेला एक तरुण वायरमन त्यावर आदळला. उजवा पाय मांडीतून गेला. खांबावर चढणं हाच त्याचा धंदा होता.

न्यायाधिकरणानं त्याचा निष्काळजीपणा पन्नास टक्के धरला आणि भरपाई अर्धी झाली. उभ्या ट्रकवर जाऊन आदळला म्हणजे त्याचीही चूक, असं ते साधं गणित होतं. ते खोडायला लागणारं सगळं कायद्यात होतं. धोकादायक स्थितीत वाहन सोडण्याला मनाई करणारं कलम १२२ होतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला परावर्तकांचा नियम १०४ होता, पार्किंग दिव्यांचा नियम १०९ होता. मी मात्र अर्जात ‘बेदरकारपणे व हयगयीने’ हे ठरलेलं वाक्य लिहिलं. मोटार वाहन निरीक्षकाला साक्षीला बोलावलं नाही. पंचनाम्यात रेडियमचा उल्लेख नाही, एवढंच पाहून गप्प बसलो. त्या माणसाचे अर्धे पैसे माझ्या हातून गेले, असं मी आजही मानतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. रात्री रस्त्याच्या मधोमध, दिवे न लावता उभा केलेला गॅस टँकर आणि त्यावर आदळलेली मोटार. उच्च न्यायालयानं मोटारचालकाचा निम्मा दोष धरला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं काढून टाकला. तो निकाल आपण वारंवार दाखवतो. पण दिवे नव्हते हे पुराव्यात आलं नसेल, तर निकालाची प्रत एकटी काही करू शकत नाही.

आता मला खरोखर खुपणारी गोष्ट सांगतो. ट्रकच्या सुरक्षेचे नियम आपल्या न्यायाधिकरणांत रोज वाचले जातात, पण बहुतेक वेळा ते विमा कंपनीच्या बाजूनं येतात. परवाना नव्हता, परमिट नव्हतं, पासिंग संपलं होतं, म्हणून आम्ही जबाबदार नाही! ज्या नियमानं रस्त्यावरच्या माणसाला वाचवायचं, तोच नियम मोडला गेल्यावर त्याच माणसाच्या भरपाईआड उभा राहतो. न्यायालयांनी ही धार बोथट केली, हे खरं. स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ मध्ये ठरलं की परवान्यातला दोष दाखवणं पुरेसं नाही, मालकानं जाणूनबुजून किंवा काळजी न घेता तो होऊ दिला, हे कंपनीनं सिद्ध केलं पाहिजे. आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा, ही वाट त्यातूनच रुळली. ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं रंभा देवी प्रकरणात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना हलक्या वाहनाचा परवाना चालतो, हे कायम केलं आणि छोट्या टेम्पोंच्या कितीतरी दाव्यांतला वाद संपला. पण हे सगळे निकाल बचावाचे आहेत. नियमभंग हा जखमीचा पुरावा म्हणून आपण स्वतः कधी पुढे आणणार?

वजनाचंच घ्या. २०१८ च्या जुलैमध्ये धुऱ्यांवरच्या वजनाची मर्यादा वाढली, दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. तरी वाळूची, खडीची, उसाची गाडी त्याच्याही वर भरते. ती वेळेत थांबत नाही, उतारावर ढकलली जाते, वळणावर कलते. आरटीओ दंड करतो, २०१९ नंतर वीस हजार आणि जादा प्रत्येक टनाला दोन हजार. दंडाची पावती फाटते आणि गोष्ट तिथंच मिटते. खरं तर कलम ११३ मध्ये एक तरतूद आहे जी आपण क्वचित उघडतो. जादा वजनाची गाडी चालवणारा मालक नसेल, तर ते मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानं झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. तरतूद फौजदारी आहे, पण दाव्यात मालकाची उलटतपासणी घेताना तिच्याइतका चांगला आधार नाही. काटापावती हातात असेल, तर दोष एकट्या ड्रायव्हरवर राहत नाही.

आणि ड्रायव्हरविषयी मी कळकळीनं बोलणार आहे, जरी मी नेहमी त्याच्या विरुद्ध उभा असतो. कलम ९१ त्याच्या कामाच्या तासांना मर्यादा घालतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून ती दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी चालत आली. प्रत्यक्षात त्याचा हिशेब फेऱ्यांवर होतो, तासांवर नाही. डुलकी लागली की आरोपपत्र त्याच्या एकट्याच्या नावावर. ती डुलकी फेरीच्या वेळापत्रकातच ठरलेली होती, हे कोण दाखवणार? आज ते दाखवता येतं. बंगळूरहून पुण्याकडे निघालेली गाडी किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर या नाक्यांवर किती वाजता होती, ते फास्टॅगच्या नोंदीत असतं. ई-वे बिलात माल, गाडी आणि मार्गाचा आरंभ-शेवट असतो, जीपीएस असेल तर प्रत्येक थांबा असतो. या नोंदी मागवायला कलम १६९ नं न्यायाधिकरणाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. त्याच कलमाखाली जाणकार माणसाची मदतही घेता येते. असा अर्ज मी स्वतः पहिल्यांदा केला तेव्हा वकिलीला वीस वर्षं झाली होती.

‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांवर तर आपण थांबलंच पाहिजे. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एकाच अवजड वाहनानं चाळीसहून अधिक गाड्या चेपल्या. अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, काही जण इंजिनच बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. इंजिन बंद असेल तर कंप्रेसरही बंद, आणि दोनचार वेळा ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरते. याला यांत्रिक बिघाड म्हणायचं का? १९७७ च्या मिनू मेहता प्रकरणातच सांगितलं आहे की बिघाडाचा बचाव घेणाऱ्या मालकानं, योग्य काळजी घेऊनही तो दोष कळण्यासारखा नव्हता, हे सिद्ध करावं. ते ओझं आपण त्याच्या खांद्यावर ठेवतच नाही. वाहनाच्या तपासणीचा अहवाल वाचताना ‘ब्रेक निकामी’ याच्या पुढची ओळ विचारा: लायनर किती झिजले होते, हवेचा दाब किती होता, शेवटचं काम कधी झालं.

वेळ मात्र फार थोडा असतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत द्यायचा आहे. दरम्यान गाडी सुटते, गॅरेजला जाते, टायर बदलतात, नवं रेडियम चिकटतं. जखमी माणूस तेव्हा अतिदक्षता विभागात असतो आणि त्याची बायको रक्ताच्या पिशव्यांसाठी धावत असते. तिला काटापावती सुचणार नाही. ते आपलं काम आहे.

रकमेचा प्रश्न त्यानंतरचा. ट्रकच्या धडकेत मेंदूला कायमची इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीला सर्वोच्च न्यायालयानं ५ फेब्रुवारी २०२० ला ६२ लाख २७ हजार रुपये दिले आणि तिच्या शुश्रूषेला दोन माणसं लागतील, हे आयुष्यभराच्या हिशेबात धरलं. इतकं सविस्तर मागायची हिंमत आपल्या अर्जांतही यायला हवी. पण चालकाच्या चुकीचा अर्धा भार जखमीच्या माथी आला, तर कितीही चांगला हिशेब अर्धाच उरतो.

उद्या सकाळच्या सत्रात एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक आपल्याशी बोलणार आहेत. प्रश्न आज रात्रीच लिहून ठेवा. माझा पहिला प्रश्न ठरला आहे: मागचे दिवे उसानं झाकले गेले असतील, तर ते तपासणीच्या कागदावर कोणत्या रकान्यात लिहितात, आणि तसा रकाना नसेल तर तो घालून घ्यायला आपण कुणाकडे जायचं?