गोड्या पाण्याचा किल्ला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोटीने गोव्याला जाऊन आलात, तर चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आल्यापासून दळणाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे मला दोनच प्रश्न विचारले जातात. बोट लागली का, आणि बोटीवर जेवण कसे होते? दोन्हींचे उत्तर ‘बरे’ असे देऊन मी पुढे जाते, कारण सांगण्यासारखे आहे ते निराळेच.

शेगावला गाडी धरून आम्ही दोघी जावा मुंबईला गेलो आणि संध्याकाळी बोटीत बसलो. बोट कसली, दहा मजली वाडाच पाण्यावर उभा! सकाळी जाग आली तेव्हा मुरगावचे बंदर दिसत होते. पाचच्या आत परत यायचे, नाहीतर बोट कोणासाठी थांबत नाही, असे बजावून आम्हांला उतरवले. मोटार ठरवली, झुआरीचा नवा पूल ओलांडला, पणजीहून मांडवी ओलांडली आणि आग्वादच्या किल्ल्याकडे निघालो.

वाटेत किनाऱ्यावर थांबलो असता माझ्या जाऊबाईंनी ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावले आणि गंभीरपणे म्हणाल्या, “आपल्या हापशीपेक्षा जरासंच जास्त खारं हाय वं!” मोटारवाला हसला. त्याला वाटले, बाई थट्टा करतात. त्याला खारपाणपट्टा काय ठाऊक! समुद्राच्या एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यात ते अर्ध्या ग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरे पाणीच नसेल तर फार तर दोन ग्रॅम चालतील, असे सरकारी मानक आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत पूर्णाकाठी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. जाऊबाईंचे धाकटे दीर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. डॉक्टर कारणे अनेक सांगतात. पण आपल्या तालुक्यात अशी घरे किती, हे आपण बोटांवर मोजून पाहावे. बोटे पुरणार नाहीत.

आता किल्ल्याचे. ‘आग्वाद’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत पाणी भरून घेण्याची जागा. हा किल्ला १६१२ साली पुरा झाला. लिस्बनहून निघालेली गलबते आफ्रिकेला वळसा घालून सहासहा महिन्यांनी येथे पोहोचत. पिंपांतले पाणी तोवर संपत आलेले किंवा नासलेले असे. या टेकडीला गोड्या पाण्याचे झरे आहेत. ते पाणी साठवायला त्यांनी वरच्या कोटाच्या अंगणाखाली खांबांवर तोललेले प्रचंड टाके बांधले. त्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावते. आपण वर चालत असतो आणि खाली टाके असते. सांगितल्याशिवाय कळतही नाही. लोक १८६४ सालच्या जुन्या दीपस्तंभापाशी उभे राहून छायाचित्रे काढीत होते. आम्ही दोघी मात्र टाक्यापाशीच रेंगाळलो. देखावा सुंदर आहे, कोण नाही म्हणतो? पण तिन्ही बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध एवढे गोडे, हे आमच्या डोळ्यांना अधिक सुंदर वाटले.

१७३९ साली मराठ्यांनी बारदेश व्यापला, तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागुश हे किल्ले पोर्तुगिजांकडेच राहिले. इतिहासकार तोफा मोजतील. मी तरी टाक्यालाही त्याचे थोडे श्रेय देईन. खालच्या कोटात पुढे तुरुंग झाला. गोव्याच्या मुक्तीसाठी झगडणारे सत्याग्रही तेथे डांबले गेले. डिसेंबर २०२१ पासून तेथे संग्रहालय आहे. त्या लढ्यात स्त्रियाही मागे नव्हत्या. सुधाताई जोशी यांनी १९५५ साली म्हापशाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि त्यापायी तुरुंगवास सोसला.

दोना पावल पाहिले, वारा खाल्ला. जुन्या गोव्यात बोम जेझूचे चर्च पाहिले. एके काळी केवढे शहर ते! साथींनी उजाड झाले आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली. पाण्याने वसवावे तसे पाण्याने उठवावेही.

बोटीवर परतल्यावर तिथल्या एका कोकणी मुलाला विचारले, “बाळ, एवढ्या माणसांना पाणी कुठून?” तो म्हणाला, “भर समुद्रात गेलो की समुद्राचंच गोडं करतो, आजी. बंदरात नाही, इथलं पाणी घाण असतं.” दाबाखाली बारीक पडद्यातून पाणी गाळायचे, आपल्याकडे गावोगाव जारचे पाणी करणारी यंत्रे आहेत, त्यांचीच ही थोरली बहीण. फरक इतकाच, की उरलेले जास्त खारे पाणी बोट समुद्रात सोडते, आणि आपल्याकडे ते गटारातून पुन्हा आपल्याच जमिनीत मुरते. हे मला काही केल्या पटत नाही. वान धरणाच्या १४० गावांच्या योजनेचे पाणी आले की आपण सुटलो असे वाटते. पण नळ कोरडा राहिला की पुन्हा हापशी आहेच.

तर आता माझे मागणे. आपल्या मंडळाच्या सभागृहावर पत्रे आहेत. मी आणि जाऊबाईंनी टेपाने मापले. सुमारे पन्नास चौरस मीटर भरतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला, तर पस्तीस हजार लिटर. काही वाया जाईल, पहिल्या सरीचे सोडून द्यावे लागेल. तरी पंचवीस हजार हाती येते. शेजारच्या अंगणवाडीतल्या चाळीस मुलांना रोज दोन लिटर दिले, तरी तीनशे दिवस पुरेल. टाके झाकलेले हवे, डास शिरता कामा नये, आणि पाणी उकळूनच द्यायचे.

गवंड्याने दिलेला खर्चाचा कागद खजिनदारबाईंकडे ठेवला आहे. रक्कम वाचून दचकू नका. गेल्या वर्षीच्या सहलीवर आपण किती खर्च केला, तो आकडा मी त्याच कागदाच्या मागे लिहिला आहे. पावसाळ्याला तीन महिने आहेत. सभा संपल्यावर ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर मागच्या अंगणात यावे, टाक्याची जागा चुन्याने आखून ठेवली आहे.