कोडाक्रोमची माया



कामगारांची संघटना बांधण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने वसंत व्याख्यानमालेत येऊन बोनस आणि महागाईभत्ता सोडून सिनेमाच्या फिल्मवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. चालकांनाही वाटले. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून. तेव्हा हा विषय आम्ही शास्त्रज्ञ म्हणून मांडीत नाही. तो आमच्याकडे एका पत्र्याच्या डब्यातून आला.

गिरणीच्या वाइंडिंग खात्यातले आमचे एक जुने सभासद वारले, तेव्हा त्यांची मुलगी तो डबा घेऊन कचेरीत आली. आत सुपर-८ची सात रिळे आणि एक न धुतलेले काडतूस. तिचे काका बोटीवर खलाशी होते. त्यांनी १९७० नंतर केव्हातरी भावाला छोटा कॅमेरा आणून दिला. फिल्म तेच आणीत आणि काढलेली फिल्म परदेशी धुवायला तेच नेत. गणपतीत काढलेले चित्र पाहायला होळी उजाडे. "भाऊ, यात युनियनचं काही असलं तर ठेवून घ्या," मुलगी म्हणाली. आम्ही प्रोजेक्टर मागून आणला आणि कचेरीच्या भिंतीवर रीळ लावले. कडांना बुरशी धरली होती, पण गेटमीटिंगचा झेंडा लाल होता आणि चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या तिच्या आईचे लुगडे हिरवेगार होते. त्याच भिंतीवर १९८२च्या संपातले आमचे रंगीत फोटो टांगलेले आहेत. ते केव्हाच विटून तांबूस झाले. मुलगी एवढेच म्हणाली, "हे लुगडं अजून ट्रंकेत आहे. त्याचा रंग इतका राहिला नाही."

रिळांच्या पिवळ्या खोक्यांवर नाव होते कोडाक्रोम. तेव्हापासून आम्ही त्या नावाच्या मागे लागलो.

ही फिल्म अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९३५ साली विकायला काढली. ती शोधून काढणारे दोघे, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की, हे वादक होते. एक पियानो वाजवी, दुसरा व्हायोलिन. फिल्म प्रथम आली तीही १६ मिलिमीटरच्या, घरगुती चित्रपट काढणाऱ्या हौशी लोकांच्या आकारात. ८ मिलिमीटरची आणि फोटोची पुढच्या वर्षी आली. म्हणजे या फिल्मचे पहिले गिऱ्हाईक संसारी माणूस होते.

तिची रचना गिरणीतल्या माणसाला चटकन कळेल. इतर रंगीत फिल्ममध्ये रंग धरणारी द्रव्ये आधीच थरांत घातलेली असतात. कोडाक्रोमचे तिन्ही थर तसे कोरेच, काळ्यापांढऱ्या फिल्मसारखे. एक तांबडा प्रकाश टिपी, एक हिरवा, एक निळा. रंगाई सगळी पुढे, रंगखात्यात. तिथे एकेका थराला वेगवेगळ्या रसायनात निळसर, पिवळा आणि किरमिजी रंग चढवायचा, मग चांदी काढून टाकायची. हे काम घरच्या मोरीत होण्यासारखे नव्हते. लांबलचक यंत्र, जाणता रसायनज्ञ आणि सतत चालणारे काम हवे. पण त्यामुळेच थर पातळ राहिले आणि चित्र रेखीव आले. फिल्ममध्ये उरलेले रंगद्रव्य नसल्याने अंधाऱ्या डब्यात रंग दशकानुदशके टिकले. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे मात्र ते इतरांपेक्षा लवकर विटत. पहिल्या तीन वर्षांतली फिल्म तर डब्यातसुद्धा उडाली. १९३८ साली कृती बदलली तेव्हा ती धरली. प्रेमात पडलेली माणसे हे दोष सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो.

आता माया का बसते? टिकाऊपणा हे एक कारण खरे. पण तो वीस वर्षांनी कळतो आणि माया पहिल्या दोन-तीन रिळांतच बसते. आमचे मत असे की ती खोडी सांभाळण्यातून बसते. कोडाक्रोम फार मंद होती. सुरुवातीला तिचा वेग अवघा दहा, १९६१ साली पंचवीस झाला. भरपूर ऊन असल्याशिवाय ती बोलतच नसे. म्हणून त्या काळातली अमेरिकन घरगुती चित्रे पाहावीत तर सगळे कुटुंब उन्हात उभे, डोळे बारीक केलेले. सुपर-८चे एक काडतूस म्हणजे पन्नास फूट, नेहमीच्या वेगाने तीन मिनिटे वीस सेकंद. निगेटिव्ह नाही. कॅमेऱ्यात होती तीच पट्टी धुऊन पडद्यावर यायची. ती ओरखडली की गेली. एवढे जोखमीचे आणि महागाचे सामान हाताळताना माणूस ऊन ओळखायला शिकतो, कोणाला कुठे उभे करावे ते शिकतो. मागाच्या खोडी कळल्या की विणकराला दुसरा माग नकोसा होतो. तसेच हे. याला कोणी नुसता जुन्याचा हळवेपणा म्हणाले की आम्हांला राग येतो. ती कारागिराची ओळख असते.

आणि ती ओळख कुठे उपयोगी पडेल याचा नेम नाही. १९४२ साली अमेरिकेने आपल्याच देशातील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. यूटा राज्यातल्या टोपाझ छावणीत डेव्ह तात्सुनो या दुकानदाराने मनाई असताना ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने तिथले जिणे रंगीत टिपले. ती घरगुती चित्रे १९९६ साली त्या देशाच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत घेतली गेली.

शेवट मात्र आमच्या ओळखीच्या पद्धतीने झाला. २००५ साली सुपर-८मधली कोडाक्रोम बंद झाली, २००९ साली उरलेली. कंपनीच्या फोटोफिल्मच्या विक्रीत तिचा वाटा एक टक्काही उरला नव्हता. अर्ज-विनंत्या झाल्या. जगात ही फिल्म धुणारे एकच रंगखाते शिल्लक राहिले, कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या लहान गावी. तिथे ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेले रीळ घेतले आणि मग यंत्र थांबले. शेवटच्या दिवसांत एक रेल्वे कामगार स्वतः पंधराशेहून जास्त रोळ घेऊन तिथे गेला होता. बहुतेक आगगाड्यांचे फोटो! आयुष्यभराची मिळकत एका हिशेबी निर्णयापुढे अशी धावत न्यावी लागते. मायेला मतदानाचा हक्क नसतो, हे आम्ही गिरण्यांच्या फाटकांवर पाहिले आहे. माल अर्धा तुमच्या हातचा आणि अर्धा रंगखात्याचा असला, तर रंगखाते बंद झाल्यावर तुमचा अर्धा घेऊन काय करायचे?

हा प्रश्न डब्यातल्या आठव्या वस्तूचा आहे. काकांनी बोट सोडली आणि ते शेवटचे काडतूस धुवायचे राहिले. आज ते धुतले तर काळेपांढरे चित्र निघू शकेल, रंग मात्र कधीच नाही. आत काय आहे कोणास ठाऊक. आम्ही मुलीला म्हणालो, काळेपांढरे तरी काढून घे, जितका उशीर तितके जाईल. ती म्हणते, "नको भाऊ. आईचं लुगडं करडं दिसेल." आम्ही तीनदा सांगून पाहिले. आमचेच बरोबर आहे असे आम्हांला अजूनही वाटते, पण काडतूस तिचे आहे.

सात रिळांपैकी एक तिने आजच्यापुरते दिले आहे. प्रोजेक्टर मागच्या बाकाजवळ मांडला आहे, मुले जरा बाजूला बसवावीत. चालकांना विनंती, तीन मिनिटे वीस सेकंद दिवे घालवावेत.